मनीऑर्डरच्या कूपनावरची ओळ : १९७१च्या एका जवानाच्या पत्रांचं प्रकरण

हे प्रकरण बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातल्या एका गावातलं आहे. नंदगडच्या पलीकडे, जंगलाच्या कडेला, भातशेतीवर जगणारं मराठी कुटुंब. घरातला थोरला मुलगा १९६६ साली बेळगावात मराठा लाइट इन्फन्ट्रीत भरती झाला आणि डिसेंबर १९७१ मध्ये पूर्वेच्या आघाडीवर पडला. मागे आई-वडील, शाळेत जाणारा धाकटा भाऊ, लग्नाला अडीच वर्षं झालेली बायको आणि चार महिन्यांची मुलगी. त्या मुलीला त्याने पाहिलं नव्हतं. कुटुंबाच्या इच्छेवरून गावाचं आणि माणसांचं नाव इथे देत नाही.

२०२१ साली त्या युद्धाला पन्नास वर्षं झाली. देशभर स्वर्णिम विजय वर्ष साजरं होत होतं, आणि या गावानेही शाळेच्या आवारात स्मारक बांधायचं ठरवलं. दगडावर नाव, खाली त्याच्याच पत्रातल्या चार ओळी, अशी कल्पना. पत्रं घरात होतीच. ती वाचून, क्रमाने लावून, त्यातलं काय घ्यावं ते सांगायचं काम माझ्याकडे आलं. मी त्या भागात मराठी शिकवलं आहे आणि जुनं हस्ताक्षर मला लागतं, एवढंच कारण.

चार ओळी निवडायच्या म्हणजे दोन संध्याकाळींचं काम, असं गावच्या स्मारक समितीला वाटत होतं. ते तसं का झालं नाही, हे सविस्तर लिहायला हवं. सीमाभागात जवळपास प्रत्येक मराठी गावात पलटणीत गेलेली माणसं आहेत. १९६२, १९६५, १९७१ची पत्रं अजून कितीतरी घरांत पेट्यांच्या तळाशी पडून आहेत.

आधी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. १९७१ साली आघाडीवर पडलेल्या जवानाचा देह घरी येत नसे. अंत्यसंस्कार तिकडेच व्हायचे. तिरंग्यात गुंडाळलेली पेटी गावात येण्याची प्रथा रुळली ती १९९९च्या कारगिलपासून. या घरी आली ती एक तार, काही आठवड्यांनी एक ट्रंक, आणि पुढे पदकं. शेवटचं दर्शन कुणालाच झालं नाही. त्यामुळे या घरात पत्रांना जो मान आहे तो नुसत्या आठवणीचा नाही. पितृपक्षात ही ट्रंक बाहेर काढून पुसतात, पत्रांवर हळद-कुंकू वाहतात. दोन इनलॅन्ड पत्रांवरची अक्षरं त्या कुंकवाच्या पाण्याने फुटली आहेत. मला त्याचं वाईट वाटलं, पण त्या घराला तसं का करावंसं वाटलं हेही कळलं.

ट्रंकेत काय होतं

त्याने घरी लिहिलेली २१ पत्रं. घरून त्याला गेलेली १३ पत्रं, जी त्याच्या सामानातून परत आली. एक तार. मेल्यानंतर सोबत्याने लिहिलेलं एक पत्र. 'पूर्वी स्टार' आणि 'संग्राम मेडल' ही त्या युद्धाची दोन पदकं, रिबनी विटलेल्या. त्याचा एक फोटो, बेळगाव कॅम्पातल्या स्टुडिओत काढलेला.

घरून गेलेली १३ पत्रं हा या प्रकरणातला मोठा ठेवा. आपल्याकडे जवानाची पत्रं जपली जातात, पण त्याला गेलेली उत्तरं सहसा हरवतात, आणि मग संवादाचं एकच टोक हाती उरतं. इथे काही जोड्या लागल्या. ऑगस्टमध्ये त्याने विचारलं, "बाबांचा खोकला कसा आहे ते खरे कळवावे." घरून उत्तर गेलं, "इकडे सर्व खुशाल, काळजी नसावी." वडील तेव्हा बेळगावच्या दवाखान्यात होते. मुलगाही काही कमी नव्हता. घरच्यांनी ऐकलं होतं की सीमेवर गोळीबार चालू आहे, म्हणून विचारलं. त्यावर त्याचं उत्तर, "आम्ही फार मागे आहोत, जेवण चांगले मिळते." आघाडीच्या पलटणीतला माणूस हे लिहीत होता. दोन्हीकडून "खुशाल" जायचं, आणि दोन्हीकडे एकमेकांचं "खुशाल" खरं मानत नसत. एका टोकाची पत्रं वाचून हे कधीच उमगलं नसतं.

मुलीच्या नावाचंही असंच. त्याने सुचवलेलं नाव बारसं होऊन गेल्यावर पोहोचलं. शाळेच्या दाखल्यावर बारशाचं नाव आहे, घरात मात्र तिला आजही वडिलांनी सुचवलेल्या नावानेच हाक मारतात.

क्रम लावताना

२१ पैकी ५ पत्रांवर तारीख नव्हती. पत्ता, शिक्का आणि शेतीचे उल्लेख यांच्या आधाराने त्यांतली चार जागेवर बसली. त्याच्या पत्त्यातच एक किल्ली होती. आधीच्या पत्रांवर "५६ एपीओ" (आर्मी पोस्ट ऑफिस) आहे, ऑक्टोबर १९७१ पासून "९९ एपीओ". लष्करी टपालाची सोयच अशी असते की पत्र पोहोचावं पण पलटण कुठे आहे ते कळू नये. ५६ म्हणजे साधारण उत्तर-पश्चिमेकडचं टपाल, ९९ म्हणजे पूर्वेकडचं. घरच्यांना तेव्हा आकडा बदललेला दिसला, अर्थ कळला नाही. मुलगा बंगालच्या बाजूला गेला हे त्यांना तार आल्यावर समजलं.

शेतीचे उल्लेख तर तारखेइतकेच पक्के. खानापूर भागात भाताची पेरणी वळवानंतर, कापणी दिवाळीच्या पुढे, मग मळणी. "कापणीला गडी मिळाले काय?" असं ज्यात आहे ते पत्र ऑगस्टचं असू शकत नाही. "दिवाळीला रजा बंद झाली" हे ज्यात आहे ते त्या वर्षीच्या ऑक्टोबरातलं.

सोबत्याचं पत्र मात्र वेगळं निघालं. घरात समज असा की मृत्यूनंतर आठवड्याभरात ते लिहिलं गेलं. त्यात शेवटचा प्रसंग आहे, फार मायेने लिहिलेला. समितीला ते सगळ्यांत महत्त्वाचं वाटत होतं. त्यावर तारीख नाही. पण पत्त्यात "म्हैसूर राज्य" आहे आणि त्याखाली पिनकोड आहे, ५९१ने सुरू होणारा. पिनकोडची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ला सुरू झाली. राज्याचं नाव कर्नाटक झालं १ नोव्हेंबर १९७३ला. नाव बदलल्यावरही लोक काही काळ जुनंच लिहीत असतील, म्हणून ही दुसरी मर्यादा सैल धरली. पहिली मात्र पक्की आहे. म्हणजे हे पत्र मृत्यूनंतर निदान आठ महिन्यांनी लिहिलेलं.

यामुळे ते खोटं ठरत नाही. उलट, एवढ्या महिन्यांनीही सोबत्याला मित्राच्या आईला लिहावंसं वाटलं, हे मला जास्त मोलाचं वाटतं. पण "त्याला काहीच त्रास झाला नाही, पटकन गेला" हे वाक्य आईला धीर देण्यासाठी लिहिलं असण्याची शक्यता धरावी लागते. स्मारकावर ते इतिहास म्हणून कोरणं बरोबर नव्हतं. मृत्यूची तारीख आम्ही बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसकडून आलेल्या कागदावरून घेतली. दिल्लीच्या राष्ट्रीय समर स्मारकात, जे २५ फेब्रुवारी २०१९ला खुलं झालं, त्याचं नाव आहे. तिथल्या नोंदीशीही ती ताडून पाहिली.

तारेनंतर आलेलं पत्र

१६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली. रेडिओवर बातमी ऐकून गावात साखर वाटली गेली. या घरानेही वाटली. तार आली त्यानंतर. ती इंग्रजीत होती, शाळेच्या मास्तरांनी वाचली. आणि तारेनंतर पाचव्या-सहाव्या दिवशी पोस्टमनने त्याच्या हातचं पत्र आणून दिलं.

पत्रावर तारीख ५ डिसेंबरची, म्हणजे मृत्यूच्या आधीची. पण त्या घरात त्या वेळी तारखेचा हिशोब कोण करणार? वडील म्हणाले तार चुकीची आहे. एकाच आडनावाचे अनेक जवान असतात, क्रमांकात घोळ झाला असेल. ते पत्र कोपरीच्या खिशात घालून खानापूरहून गाडीने बेळगावला गेले आणि कॅम्पात मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या सेंटरच्या गेटवर उभे राहिले. आत नेऊन त्यांना बसवलं, चहा दिला, रजिस्टर दाखवलं. संध्याकाळी ते परत आले, कुणाशी बोलले नाहीत. हे मला सांगितलं धाकट्या भावाने. तो तेव्हा सातवीत होता आणि ते पत्र मोठ्याने वाचून दाखवण्याचं काम त्याच्याकडेच आलं होतं.

त्या शेवटच्या पत्रात युद्धाबद्दल एक अक्षर नाही, असं समितीतल्या एकाने नाराजीने म्हटलं. मला तसं वाटत नाही. त्यात हे आहे :

"इकडे पाणी फार. नद्या आपल्या मलप्रभेच्या कितीतरी पट रुंद. भाते आपल्यासारखीच आहेत. पिकून उभी आहेत, कापायला माणसे नाहीत. आपली मळणी झाली काय ते कळवावे."

पूर्व बंगालमधून त्या वर्षी सुमारे एक कोटी माणसं भारतात आली. त्याच्या आधीच्या एका पत्रात "डोकीवर बोचकी घेऊन लोक येऊलालेत, पोरांना चप्पल नाही" असं आहे. लिहिता लिहिता त्याची घरची बोली मध्येच कागदावर उतरली आहे. पिकलेलं भात शेतात उभं आहे आणि कापायला कुणी नाही, हे शेतकऱ्याच्या पोराने पाहिलं आणि लिहिलं. युद्धाने काय केलं ते याहून जास्त कसं सांगायचं? सेन्सॉरने गावाचं नाव खोडलं असतं, हे वाक्य खोडायला त्याच्यापाशी काही कारण नव्हतं.

चार ओळींचा वाद

समितीला स्फूर्तिदायक ओळी हव्या होत्या. मी ही इच्छा कमी लेखत नाही. गावातली मुलं रोज त्या दगडासमोरून जाणार होती. याच युद्धातली जमालपूरची पत्रं आपल्या भागात सगळ्यांना तोंडपाठ आहेत. जंगी पलटणीने, म्हणजे मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या बटालियनने, वेढा घातलेला, ब्रिगेडियर क्लेर यांनी शरण येण्याविषयी पत्र पाठवलं, आणि समोरच्या पाकिस्तानी लेफ्टनंट कर्नल सुलतान अहमद यांनी उत्तराच्या कागदात बंदुकीची गोळी गुंडाळून पाठवली. असं काही आपल्याही जवानाच्या पत्रात असावं, असं वाटणं साहजिक आहे.

पण ते नव्हतं. मग एक मसुदा पुढे आला. तीन वेगवेगळ्या पत्रांतली वाक्यं जोडून, मध्ये दोन वाक्यं नव्याने घालून, "शेवटचे पत्र" तयार केलं होतं. त्याआधीच भावाच्या नातवाने व्हॉट्सअॅपवर एक मजकूर फिरवला होता : "आई, मी तिरंग्यात परत आलो तर रडू नकोस." खाली आजोबांचं नाव. या मुलाने ते कुठून तरी घेतलं होतं, आणि अभिमानापोटीच घेतलं होतं.

माझं मत मी समितीसमोर स्पष्ट मांडलं. जवानाच्या नावाखाली त्याने न लिहिलेला एकही शब्द जाऊ नये. जोडकामही नको. तो माणूस आता स्वतः येऊन "हे माझं नाही" म्हणू शकत नाही. आणि तिरंग्याची ती ओळ त्याची असूच शकत नव्हती, कारण १९७१ साली तिरंग्यात कुणी परत येत नव्हतं हे त्याला माहीत होतं.

पहिल्या महायुद्धातल्या हिंदी शिपायांच्या पत्रांचं काय झालं ते इथे आठवावं. फ्रान्समध्ये सेन्सॉर कचेरीत ती वाचली गेली, त्यातले उतारे इंग्रजीत करून अहवालात घातले गेले. आज लंडनला जपलेले आहेत ते बहुतांशी हे उतारे. त्या माणसांचे स्वतःचे शब्द, त्यांची बोली, त्यांची चुकलेली वेलांटी आपल्याला मिळत नाही. आपल्या गावांतून काही ठिकाणी त्या युद्धाच्या संगमरवरी पाट्या आहेत, या गावातून इतके गेले, त्यांतले इतके मेले. फक्त आकडे, एक नावही नाही. मग ज्या घरात नाव आहे, हस्ताक्षर आहे, दोन्ही बाजूंची पत्रं आहेत, तिथे आपण नवा मजकूर का घडवायचा?

दोन बैठका यावर गेल्या. निर्णय झाला नाही.

कूपनं

निर्णय झाला तो आज्जींमुळे.

आज्जी म्हणजे त्याची बायको, आता सत्तरीच्या आहेत. त्यांना अक्षरओळख नाही. पण पत्रं त्यांना पाठ आहेत, कारण दिराने ती ओसरीवर मोठ्याने वाचताना त्या दाराआड उभ्या राहून ऐकत आल्या. एका पत्रात कुंकवाने फुटलेला शब्द मला लागत नव्हता. मी "बैल" वाचत होतो. त्या आतून म्हणाल्या, "बैल न्हवं, बेलवडा. खळ्याकडच्या रानाचं नाव हाय त्ये." तेव्हापासून मी प्रत्येक पत्र आधी त्यांच्या तोंडून ऐकलं, ध्वनिमुद्रण केलं, मगच कागद वाचला. ज्यांच्या घरी असं कुणी अजून आहे त्यांनी हेच आधी करावं. कागद आणखी दहा वर्षं थांबेल, माणूस थांबेलच असं नाही.

२१ पत्रांत त्यांना उद्देशून काहीही नव्हतं. सगळी "तीर्थरूप बाबांस शिरसाष्टांग नमस्कार" अशी. तेव्हाच्या एकत्र घरात तरण्या नवऱ्याने बायकोला वेगळं पत्र लिहिणं बरं दिसत नसे. फार तर शेवटी "घरातील सर्व लहानथोरांस यथायोग्य". समितीतल्या सगळ्यांनी धरूनच चाललं होतं की या गोष्टीत बायकोचा भाग नाही.

मग एके दिवशी त्यांनी कनवटीची पिशवी काढली. आत घड्या घालून पाच कागद. मनीऑर्डरची कूपनं. तेव्हा पैसे देताना पोस्टमन फॉर्मचा जो तुकडा फाडून देत असे, ज्यावर पाठवणाऱ्याला दोन-चार ओळी लिहिता येत, ती. पाचही कूपनांवर बाकी मजकूर वेगळा, पण एक ओळ तीच : "पैकी १० रुपये तिच्या हाती द्यावे."

नाव नाही. "तिच्या" एवढंच.

"माझ्या नावचं येवढंच हाय बघा," त्या म्हणाल्या. "ह्ये वाचा सगळ्यांम्होरं."

भावाच्या घरून लगेच विरोध झाला, आणि तोही समजून घेण्यासारखा होता. ही ओळ गावासमोर वाचली तर लोक म्हणतील, सासऱ्याच्या घरात सुनेच्या हाती पैसा देत नव्हते म्हणून पोराला तिकडून लिहावं लागलं. वडील गेले त्याला तीस वर्षं झाली, आता त्यांच्यावर बोट का यावं?

इथे कागद कुणाच्या हातात होता हेच उत्तर ठरलं. मनीऑर्डर वडिलांच्या नावे येई. सही त्यांची, पैसे त्यांच्या हाती, कूपनही त्यांच्याच हाती. मग पाचही कूपनं सुनेच्या पिशवीत आली कशी? मी हे विचारल्यावर धाकटा भाऊ बराच वेळ गप्प होता. मग त्याला आठवलं. कूपन वाचून दाखवायचा तोच. वाचून झालं की वडील दहाची नोट कूपनात घडी घालून आईकडे देत, आणि आई ती चुलीपाशी सुनेला नेऊन देई. वडील सुनेशी समोरासमोर बोलत नसत. मुलाचा निरोप त्यांनी मुलाच्या अक्षरासकट पोहोचवला होता, दर वेळी.

"मामांनी कधी चुकवलं न्हाई," आज्जी म्हणाल्या. "त्यो गेल्यावरबी पेन्शनीतनं द्यायचे."

विरोध तिथे संपला. पुढे भावानेच हा प्रसंग कार्यक्रमात सांगायचं कबूल केलं.

शेवटी काय ठरलं

दगडावर नाव, हुद्दा, पलटण, जन्म आणि वीरगतीची तारीख, मराठी आणि कन्नड दोन्हीत. खाली शेवटच्या पत्रातल्या भाताच्या ओळी, त्याने लिहिल्या तशाच, जुन्या वळणाच्या शुद्धलेखनासकट. कन्नड भाषांतर गावच्या कन्नड शाळेतल्या शिक्षकांनी केलं आणि फार जपून केलं. "मळणी"साठी त्यांनी तिथल्या शेतकऱ्यांच्या तोंडचाच शब्द शोधून घेतला.

१६ डिसेंबरला सकाळी शाळेच्या पटांगणात वाचन झालं. मुलीने वडिलांची पत्रं वाचली, भावाने घरून गेलेली उत्तरं. तेव्हा ती उत्तरं घरच्यांच्या सांगण्यावरून मास्तरांनी लिहिली होती, पन्नास वर्षांनी ती घरातल्या माणसाच्या तोंडून वाचली गेली. बाबांच्या खोकल्याचा प्रश्न आणि "सर्व खुशाल" हे लागोपाठ आलं तेव्हा पटांगणातले जुने सैनिक मान हलवत होते. कूपनाची ओळ सर्वांत शेवटी. ती आज्जींनी स्वतः म्हटली, कागद न बघता.

पत्रांच्या देखभालीबद्दल थोडं. समितीने ती लॅमिनेट करायला काढली होती, ते थांबवलं. लॅमिनेशनची उष्णता आणि गोंद पुन्हा निघत नाही. सेलोटेपही नको, त्याचा पिवळा डाग कायमचा. पत्रं उलगडून, दिवसाच्या उजेडात पण ऊन न लागता, दोन्ही बाजूंचे आणि पत्त्याचेही फोटो काढले. पत्त्याची बाजू लोक हमखास सोडतात, आणि या प्रकरणात निम्मी माहिती तिथेच होती. मूळ कागद आता आम्लविरहित कागदात एकेक करून, सपाट, पत्र्याऐवजी पुठ्ठ्याच्या पेटीत आहेत. खानापूरच्या पावसात पत्र्याच्या ट्रंकेला आतून पाझर येतो. पितृपक्षातली पूजा चालूच राहील, फक्त हळद-कुंकू आता पेटीच्या झाकणावर वाहायचं असं घरच्यांनीच ठरवलं.

मूळ पत्रं घरी आहेत. प्रतींचा एक संच शाळेत ठेवला. कूपनं आज्जींनी कुणाला दिली नाहीत. फोटो काढू दिले आणि परत पिशवीत ठेवली. बिनतारखेचं एक पत्र अजून जागेवर बसलेलं नाही. त्यात फक्त बेळगावजवळच्या सांबऱ्याच्या विमानतळाचा आणि कुणाच्या तरी लग्नाचा उल्लेख आहे, आणि ते लग्न कुणाचं हे शोधण्याचं काम भावाने अंगावर घेतलंय.

तिरंग्याची ती ओळ दर डिसेंबरात गटांवर पुन्हा फिरते, कधी या जवानाच्या नावाने, कधी दुसऱ्याच्या. भावाचा नातू आता तिच्याखाली शेवटच्या पत्राचा फोटो टाकतो आणि लिहितो, "आमच्या आज्ज्यांनी हे लिहिलं होतं."